सह्या केल्या, पैशाला हात लावला नाही; तरी मी जबाबदार?

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. गावच्या देवस्थानाच्या नोंदणीकृत न्यासावर ते तीन वर्षांपासून विश्वस्त आहेत. पत्रातला मुख्य भाग असा:

“आम्ही सात विश्वस्त, पण कारभार अध्यक्षच पाहतात. देवस्थानाची सहा एकर जमीन त्यांच्या पुतण्याला १२ वर्षांच्या कराराने कसायला दिली आहे. सभामंडपासाठी पतसंस्थेकडून १८ लाखांचं कर्ज काढलं. त्याच पतसंस्थेत देवस्थानच्या ९ लाखांच्या ठेवी आहेत. तीन वर्षांचं ऑडिट झालेलं नाही. देवाचे चांदीचे दागिने अध्यक्षांच्या घरी कपाटात असतात. खजिनदार वर्षभर अमेरिकेत मुलाकडे आहेत आणि जाताना कोऱ्या चेकांवर सह्या करून गेलेत. चेकवर दुसरी सही माझी असते. मी एक पैसाही घेतलेला नाही. उद्या चौकशी लागली तर मला भरून द्यावं लागेल का? राजीनामा दिला तर सुटेन का? आधी काय करू?”

गुरुजी, पैसे खाल्ले नाहीत एवढ्यावर विश्वस्ताची सुटका होत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६-अ नुसार साधारण शहाणा माणूस स्वतःचा पैसाअडका आणि मालमत्ता जितक्या काळजीने सांभाळतो, तितक्याच काळजीने विश्वस्ताने न्यासाची मालमत्ता सांभाळायची असते. अध्यक्षाने जास्त काळजी घ्यायची आणि सहीपुरत्या विश्वस्ताने कमी, असा फरक कायदा करत नाही. “मला काही सांगितलंच नाही” हे उत्तर चौकशीत फार वेळ टिकत नाही, कारण विचारणं हेही तुमचंच काम होतं.

मात्र घाबरून जाण्याचंही कारण नाही. न्यासाचं नुकसान झालं की सातही जणांच्या घरावर बोजा चढतो, असं होत नाही. कलम ४० खालच्या चौकशीत नुकसान किती, ते विश्वासभंग, गैरवापर किंवा गैरवर्तन यांमुळे झालं का, कोण जबाबदार आणि कोणी किती भरायचं, हे ठरवलं जातं. त्यानंतर कलम ४१ खाली अधिभाराचा, म्हणजे नुकसान भरून देण्याचा आदेश निघतो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. सद्‌भावनेने, नियम पाळून, माहिती घेऊन केलेला व्यवहार पुढे तोट्यात गेला, तर तो विश्वस्ताच्या खिशातून भरून घेतला जात नाही. माहीत असून गप्प बसलेला विश्वस्त मात्र अडकतो. तुम्हाला माहीत आहे, हे तर तुमच्या पत्रातूनच दिसतं. म्हणून यापुढचा प्रत्येक गप्प महिना तुमच्या विरोधात जाईल.

आता एकेक बाब पाहू. सगळ्यांचं वजन सारखं नाही.

जमिनीपासून सुरुवात करू. कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता विकणं, बदलून देणं, बक्षीस देणं यांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. भाडेपट्ट्याला शेतजमिनीसाठी १० वर्षांची आणि बिगरशेती जमीन किंवा इमारतीसाठी ३ वर्षांची मर्यादा आहे. त्याहून मोठ्या मुदतीला परवानगी हवीच. तुमचा करार १२ वर्षांचा, म्हणजे परवानगी नसेल तर तो कायद्यात बसत नाही. परवानगीचा अर्ज करताना व्यवहाराची गरज काय, न्यासाचा फायदा कसा, आधी जमीन कोणत्या अटींवर दिली होती, हे लिहावं लागतं आणि मूल्यांकन अहवाल जोडावा लागतो. पुतण्याला किती खंडाने दिली आणि शेजारच्या जमिनीला काय भाव चालतो, हा प्रश्न तिथेच निघतो. बहुतेक गावांत ही पायरी गाळली जाते ती याच कारणाने.

२०१७ च्या दुरुस्तीनंतर मागाहून परवानगी देण्याची सोय आली आहे, पण ती अपवादासाठी. तातडीची निकड होती, दुसरा इलाज नव्हता, विश्वस्त सद्‌भावनेने वागले, हे पटवावं लागतं. घरच्या माणसाला दिलेल्या पट्ट्याला ही सोय लागू पडेल, अशी आशा ठेवू नका.

जमिनीच्या बाबतीत आणखी दोन कागद पाहाच. सातबारावर ती देवस्थान इनाम वर्ग ३, म्हणजे देवस्थानाच्या खर्चासाठी पूर्वी इनाम दिलेली जमीन, म्हणून आहे का? असेल तर धर्मादायच्या परवानगीने भागत नाही, महसूल खात्याचे निर्बंध वेगळे लागतात. दुसरा कागद कूळकायद्याच्या कलम ८८-ब च्या सूट दाखल्याचा. देवस्थानच्या जमिनीला तो दाखला मिळतो, पण न्यास नोंदणीकृत असावा आणि जमिनीचं सगळं उत्पन्न न्यासाच्याच कामी लागावं, ही त्याची अट आहे. उत्पन्नाचा हिशेबच नसेल तर सूट धोक्यात येते आणि कसणाऱ्याला कूळ म्हणून हक्क सांगायला वाट मिळते. बारा वर्षं एकच नाव पीकपाहणीत लागत राहिलं की पुढे काय होतं, हे गावाकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

कर्जाचा प्रश्न आम्हाला जमिनीपेक्षा तातडीचा वाटतो, कारण त्यात तुमची स्वतःची मालमत्ता गुंतलेली असू शकते. कलम ३६-अ प्रमाणे न्यासासाठी कर्ज काढायला, गहाण ठेवून असो वा नसो, पूर्वपरवानगी लागते. ती घेतली नसेल तर हा विश्वस्तांचा कसूर. पण त्याहून आधी कर्जाच्या कागदांवर तुमची सही कुठे आहे ते शोधा. “न्यासाच्या वतीने विश्वस्त” म्हणून सही असेल तर गोष्ट एक. जामीनपत्रावर नाव, राहता पत्ता, पॅन आणि सही असेल तर तुम्ही वैयक्तिक जामीनदार आहात, आणि ते नातं तुमचं आणि पतसंस्थेचं आहे. विश्वस्तपद सोडलं तरी जामीनकी सुटत नाही. पतसंस्था कर्ज देताना सगळ्या विश्वस्तांकडून एका गठ्ठ्यात सह्या घेतात आणि त्यात जामीनपत्र कधी आलं ते कळतही नाही. कर्ज मंजुरीपत्र, वचनचिठ्ठी, जामीनपत्र यांच्या प्रती लेखी मागा.

ठेवींचंही तसंच. न्यासाचा लगेच न लागणारा पैसा कुठे ठेवायचा हे कलम ३५ सांगतं: मुख्यतः शेड्युल्ड बँक, टपाल बचत बँक, शासनाने मान्य केलेली सहकारी बँक किंवा सरकारी रोखे. पतसंस्था ही बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तोही नाही. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी देवाचा पैसा तिथे ठेवला आणि पतसंस्था बुडाली, तर ज्यांनी ठराव केला त्यांच्याकडून भरपाई मागितली जाईल. या प्रसंगी “आम्ही सद्‌भावनेने ठेवला” हा बचाव लंगडा पडतो, कारण जागाच कायद्याबाहेरची होती. ठेवपावत्यांच्या मागे किंवा खात्यात त्या कर्जाला तारण म्हणून अडकवल्याची नोंद आहे का, तेही बघा. बहुधा असेल. तसं असेल तर मुदत संपताच ठेव सोडवून बँकेत नेण्याचा ठराव आताच मांडा.

चांदीच्या दागिन्यांबद्दल अध्यक्षांच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायची गरज नाही. ते उद्या वारले तर त्यांच्या मुलांना देवाचा मुकुट कोणता आणि घरची चांदी कोणती हे कोण सांगणार? कलम ३६-ब प्रमाणे जंगम-स्थावर मालमत्तेची नोंदवही ठेवावी लागते आणि दागिने, सोनं-चांदी, भांडी यांची नोंद वजन आणि अंदाजे किमतीसह करायची असते. सराफाकडून वजन करून घ्या, प्रत्येक वस्तूचा वजनकाट्यासकट फोटो काढा, यादीवर सगळ्या विश्वस्तांच्या सह्या घ्या आणि वस्तू बँकेच्या लॉकरमध्ये न्यासाच्या नावाने, दोघांच्या सहीने ठेवा. उत्सवाला बाहेर काढताना आणि परत ठेवताना तारीख-वेळेची नोंद हवी. हे एका दिवसात होणारं काम आहे आणि याला सहसा कोणी विरोध करत नाही, म्हणून तुमच्या मागण्यांची सुरुवात इथून करणं शहाणपणाचं.

दानपेटीचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, पण जिथे ऑडिट थकतं तिथे पेटीवरही बहुधा कोणाचं लक्ष नसतं. पेटी दोन कुलपांची, किल्ल्या दोन वेगळ्या विश्वस्तांकडे. उघडताना दोन विश्वस्त आणि दोन गावकरी हजर, नोटांची मूल्यवार मोजणी, जागेवर पंचनामा आणि बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी पूर्ण रक्कम खात्यात. पेटीतून काढून थेट मंडपवाल्याला किंवा गवंड्याला देणं ही सगळ्यात सर्रास चालणारी चूक आहे. त्यात जमाही दिसत नाही आणि खर्चही, आणि मग खरा खर्चसुद्धा सिद्ध करता येत नाही. पावतीपुस्तकांनाही छापील अनुक्रमांक हवेत, आणि कोणतं पुस्तक कोणाकडे दिलं याची वही हवी.

ऑडिटचं गणित सोपं आहे. हिशेब ३१ मार्चला बंद करायचे, त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत लेखापरीक्षण व्हायला हवं. त्यात ताळेबंद परिशिष्ट आठ आणि जमाखर्च परिशिष्ट नऊच्या नमुन्यात असतो. अंदाजपत्रक लागू असलेल्या न्यासांनी ते वर्ष सुरू होण्याच्या एक महिना आधी द्यायचं असतं. हिशेब देण्यात वारंवार कसूर हे कलम ४१-ड खाली विश्वस्ताला निलंबित करण्याचं किंवा काढून टाकण्याचं पहिलंच कारण आहे. मागच्या तीनही वर्षांचं ऑडिट आता करून घेता येतं. मात्र ते करताना जुनी व्हाउचर “तयार” करायचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. नसलेलं बिल नाही म्हणून लेखापरीक्षकाला सांगा. तो तसा शेरा मारेल, त्यावर खुलासा मागितला जाईल, तो देता येतो. बनावट बिलाने मात्र हिशेबातली कसूर फौजदारी बाब होऊन बसते. न्यासाला आयकराची सूट असेल तर तिकडची विवरणपत्रंही थकली असणार. दोन्ही कामं एकाच सनदी लेखापालाकडे द्या, आकडे जुळतील.

खजिनदारांच्या कोऱ्या चेकांबद्दल स्पष्टच सांगतो: आजपासून त्यांपैकी एकाही चेकवर सही करू नका. दोन सह्यांची अट असते ती दोन डोक्यांनी खर्च तपासावा म्हणून. पहिली सही कोरी असेल तर तपासणारे तुम्ही एकटेच उरता आणि जबाबदारीही तुमच्यावर एकवटते. उरलेले चेक रद्द करून त्यांचे क्रमांक बँकेला लेखी कळवा. परवानगीशिवाय सलग सहा महिने भारताबाहेर असणं हे कलम ४७ खाली विश्वस्त बदलण्याचं कारण आहे, तेव्हा खजिनदारांनी स्वतःहून राजीनामा पाठवणं त्यांच्याही हिताचं. मुलांकडे परदेशी लांब मुक्कामाला जाणाऱ्या पुष्कळ ज्येष्ठ विश्वस्तांना हे ठाऊकच नसतं.

आता तुमच्या राजीनाम्याविषयी. राजीनाम्याने पुढची जबाबदारी थांबते, मागची पुसली जात नाही. शिवाय आज तडकाफडकी राजीनामा दिला तर कागदपत्रं मागण्याचा, सभेत विरोध नोंदवण्याचा आणि विश्वस्त म्हणून अर्ज करण्याचा तुमचा अधिकार तुम्हीच सोडून देता. आमचा सल्ला असा की आधी तुमची भूमिका कागदावर आणा, मग हवं तर बाहेर पडा.

त्यासाठी पहिल्यांदा सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून न्यासाच्या परिशिष्ट एकची, म्हणजे न्यासाच्या नोंदणीच्या उताऱ्याची (पी.टी.आर.ची), आणि न्यासाच्या घटनेची, म्हणजे नियमावलीची, प्रमाणित नक्कल काढा. विश्वस्तांची नावं बदलली की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा असतो. तो तुमच्या वेळी दिला होता का, मंजूर झाला का, हे नक्कल पाहिल्यावर कळेल. पुष्कळ देवस्थानांच्या परिशिष्ट एकवर आजही वारलेल्या विश्वस्तांची नावं असतात. तुमचं नाव तिथे नाही म्हणून तुम्ही मोकळे, असं मात्र समजू नका. ठरावाने नेमणूक झाली, सभांना बसलात, चेकवर सह्या केल्या, म्हणजे विश्वस्त म्हणून वागलात. उशीर झाला असेल तर कारण देऊन उशीर माफीचा अर्ज बदल अर्जासोबत करता येतो.

मग अध्यक्ष आणि सचिव यांना एक पत्र लिहा. भाषा सौम्य, मुद्दे नेमके: १२ वर्षांच्या कराराला परवानगी घेतली का, कर्जाला घेतली का, ठेवी कुठे आहेत, दागिन्यांची यादी आहे का, ऑडिट कधी होणार. पंधरा दिवसांत कागद दाखवावेत आणि सभा बोलवावी. पत्र स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलंत तरी कागदी पत्र हवंच. आरोप करू नका, फक्त विचारा. पुढे चौकशी झाली तर हेच पत्र तुमचा सगळ्यात उपयोगी कागद ठरेल.

सभेत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची. प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, आधी हजेरीच्या सह्या घेतल्या जातात आणि ठराव नंतर, कधी कधी दोन दिवसांनी, घरी बसून लिहिले जातात. मधे सोडलेल्या कोऱ्या जागेत काय येईल याचा भरवसा नाही. म्हणून हजेरीची सही करताना शेजारी तारीख आणि वेळ घाला. ठराव लिहून झाल्यावरच शेवटची सही करा आणि खाली मोकळी जागा राहिली तर तिच्यावर तिरकी रेघ मारायला सांगा. विरोध असेल तर स्वतःच्या अक्षरात लिहा: “ठराव क्र. ४ ला माझा विरोध आहे. कलम ३६ ची परवानगी नाही.” खाली सही, तारीख. पान पूर्ण झाल्यावर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सचिवांनी लिहू दिलं नाही तर त्याच दिवशी तेच शब्द पत्राने किंवा ईमेलने पाठवा.

मुदतीत काही हललं नाही तर धर्मादाय कार्यालयात अर्ज. कलम ३७ खाली तपासणी, ४१-अ खाली विश्वस्तांना निर्देश, मालमत्ता हातची जाण्याची भीती असेल तर ४१-ई खाली मनाई. थेट ४१-ड ने अध्यक्षांना काढा अशी मागणी पहिल्याच अर्जात करू नका. पुरावा हातात नसताना ती केली की प्रकरण गावच्या दोन गटांचं भांडण होऊन बसतं आणि वर्षानुवर्षं तारखा पडतात. ऑडिट करवून घेण्याचा आणि ठेवी बँकेत हलवण्याचा निर्देश मागितलात तर त्याला नाही म्हणणं कोणालाही अवघड जाईल.

एवढं झाल्यावरही बाहेर पडायचं असेल तर घटनेत राजीनाम्याची पद्धत पाहा, त्याप्रमाणे द्या आणि तुमच्याकडचे कागद, किल्ल्या, पावतीपुस्तकं यादी करून सोपवा, पोहोच घ्या. बँकेला सहीचा अधिकार काढल्याचं वेगळं पत्र द्या, नाहीतर खात्यावर तुमचं नाव तसंच राहील. राजीनाम्याची प्रत धर्मादाय कार्यालयातही द्या. मंडळाने राजीनामा दाबून ठेवला, बदल अर्जच केला नाही, तर कलम ४७ खाली “मला विश्वस्तपदातून मुक्त करा” असा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता.

आमचं उत्तर नोंदणीकृत सार्वजनिक न्यासापुरतं आहे. शिर्डी, पंढरपूर, सिद्धिविनायक यांसारख्या देवस्थानांना वेगळे कायदे आहेत, आणि खासगी कौटुंबिक न्यासाला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागू होतो. त्या वाचकांनी इथली कलमं जशीच्या तशी लावू नयेत.

वकील लगेच हवा का, असं तुम्ही ताजा कलमात विचारलंय. नकला काढायला, पत्र लिहायला, तपासणीचा अर्ज द्यायला नको. जामीनपत्रावर तुमची सही निघाली तर मात्र आजच गाठा. कर्ज थकलं की पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे थकीत रक्कम वसूल करण्याचा अधिकार देणारा आदेश, मागते आणि त्याची नोटीस जामीनदारालाही येते. ती नोटीस “देवस्थानचं प्रकरण आहे, अध्यक्ष बघतील” म्हणून बाजूला टाकू नका. पहिल्याच तारखेला हजर राहून लेखी म्हणणं द्या. एकदा दाखला निघाला की त्यावर पुनरीक्षण अर्ज, म्हणजे तो फेरतपासण्याची मागणी, करायला वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात.